तीन अक्षरी नंबर, एमएच बारा आणि एचएसआरपी : गाडीच्या पाटीचा धागा

घाटमाथा

मंडळी,

१ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी रजिस्ट्रेशन प्लेट, म्हणजे सहज नक्कल न होणारी नवी पाटी) लावायची सक्ती झाली आणि २०२५ हे अख्खं वर्ष "शेवटची तारीख", "अंतिम तारीख", "आता खरंच अंतिम तारीख" यात गेलं. त्या गडबडीत घरोघरच्या जुन्या पाट्या उतरल्या. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली तर त्यांचा ढीगच लागला होता. रेडियमच्या, पितळी अक्षरांच्या, काही चक्क काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या. तो ढीग चाळताना काही प्रश्न पडले.

एमएच ०१ पासूनचा क्रम कोणी आणि कशाच्या आधारावर लावला? मुंबई पहिली, हे समजतं. पण कोल्हापूर ९ आणि पुणे १२ का? आणि १९८९ च्या आधी जे तीन अक्षरी नंबर असायचे त्यात काही तर्क होता, की जे अक्षर मोकळं सापडेल ते दिलं?

जाता जाता माझं मत, शिव्या खायची तयारी ठेवून: पाटी सरकारची असते, मालकाची नाही. त्यावर सिंह, वाघ, तलवार, "आई-बाबांचा आशीर्वाद", काहीही नको.

पेण पासिंग

रुमाल टाकून ठेवतोय. सवडीने लिहितो.

जुनी फियाट

चांगला विषय. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

गाड्यांच्या नोंदणीसाठी देशभर लागू असा पहिला कायदा १९१४ चा. मग १९३९ चा मोटर व्हेइकल्स ॲक्ट आला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक प्रांताला अक्षरं वाटून दिली होती. मुंबईतल्या जुन्या गाड्या "बीएम"ने सुरू व्हायच्या. महाराष्ट्र झाल्यावर एमआर, एमएम, एमएच अशा जोड्या दिसू लागल्या. जोडीमागे तिसरं अक्षर आणि मग १ ते ९९९९. म्हणजे एका त्रिकुटात फार तर ९९९९ गाड्या. १९३९ साली ज्यांनी हे ठरवलं त्यांना ते आयुष्यभर पुरेल असंच वाटलं असणार.

पुढे स्कूटर आली, मोपेड आली, आणि अक्षरं भराभर संपायला लागली. शिवाय नुसत्या तीन अक्षरांवरून गाडी नेमकी कुठल्या आरटीओची, हे जाणकारालाच कळायचं. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि आजची पद्धत आली: राज्याची दोन अक्षरं, कार्यालयाचा आकडा, मालिकेचं अक्षर, चार आकडी नंबर. मालिकेत आय आणि ओ वापरत नाहीत, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. उरतात २४. एका अक्षरात सुमारे २ लाख ४० हजार गाड्या, दोन अक्षरांत साधारण साडेसत्तावन्न लाख. पुण्याची भूक बघता तेही कमीच.

रंगाचं: पूर्वी खासगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आणि टॅक्सी-ट्रकला पांढऱ्यावर काळी. आज पांढरी पाटी म्हणजे खासगी, पण ऐंशीच्या दशकातल्या फोटोत पांढरी पाटी दिसली तर ती भाड्याची गाडी समजायची. २००० नंतरच्या बदलात खासगी पांढऱ्यावर काळी आणि व्यावसायिक पिवळ्यावर काळी झाली. आमच्या फियाटने दोन्ही रंग पाहिले. काळ्या पाटीत ती जास्त रुबाबदार दिसायची, हे आपलं माझं मत.

वऱ्हाडी ठेचा

क्रमाचं मी सांगतो राजेहो. महसुली विभाग एकामागे एक धरा.

०१ ते ०३ मुंबई (ताडदेव, अंधेरी, वडाळा). ०४ ठाणे, तिथून कल्याण, पेण, सिंधुदुर्ग, आणि ०८ ला रत्नागिरी, म्हणजे कोकण संपलं. ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, १४ पिंपरी-चिंचवड. १५ नाशिकपासून १९ जळगावपर्यंत उत्तर महाराष्ट्र, नगर आणि श्रीरामपूर त्यातच. २० ते २६ मराठवाडा. २७ अमरावतीपासून विदर्भ. नागपूर ३१! उपराजधानी म्हणायचं आन नंबर लावाचा एकतिसावा. आमचा नंबर शेवटीच लागते, त्यात नवल काय?

पुढची गंमत पाहा. ३७ वाशिम, ३८ हिंगोली, ३९ नंदुरबार. तीन कोपऱ्यांतले तीन जिल्हे लागोपाठ कसे? तिन्ही १९९८-९९ मध्ये झालेले नवे जिल्हे. तिथून पुढे भूगोल सुटला. ४२ बारामती, ४३ नवी मुंबई, ४४ अंबाजोगाई, ४५ अकलूज, ४६ पनवेल. जसं कार्यालय उघडलं तसा नंबर.

सांगलीचा भडंग

४२ आणि ४५ कुणाच्या वजनाने लवकर उघडली ते लिहू का? 😄

संपादक मंडळ

नका लिहू.

सांगलीचा भडंग

बरं. मग एमएच १० बद्दल लिहितो. आमच्याकडं पोराच्या गाडीवर नंबर नंतर, आधी मागच्या काचेवर दोन फुटी "१०" पाहिजे. टी-शर्टवर १०, मोबाइलच्या कव्हरवर १०. कोल्हापूरकर ०९ लावतात, साताऱ्याचे ११. मधल्या मधी आमी. पुण्यात शिकायला गेलेलं पोरगं सिग्नलला एमएच १० दिसली की काच खाली करून "कुठलं गाव पावनं?" विचारतंय. हे तीन अक्षरी नंबरात झालं असतं का? सरकारनं कार्यालयाचा आकडा दिला, लोकांनी त्याचं आडनाव केलं.

त्यामुळं धागाकर्त्याचं "पाटी मालकाची नाही" हे काय पटलं नाही.

लाल डब्बा

एसटीप्रेमींची भर. एसटीच्या नंबरावरून बस कुठल्या आगाराची ते कळत नाही, ती कुठे बांधली ते कळतं. महामंडळाच्या तीन मोठ्या कार्यशाळा: दापोडी, चिकलठाणा, हिंगणा. बांधणी झाली की तिथल्याच आरटीओत पासिंग. म्हणून दापोडीच्या गाड्या एमएच १४ (त्याआधी १२), चिकलठाण्याच्या एमएच २०, हिंगण्याच्या एमएच ४० (आधी ३१). गुहागर आगाराची, कधी घाट न चढलेली बस एमएच २० का, याचं उत्तर हे. अलीकडे बाहेरून बांधून घेतलेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या गाड्यांनी हे गणित बिघडवलंय, पण जुन्या लाल गाड्यांना चालतं.

लहानपणी स्टँडवर उभं राहून आम्ही पैजा लावायचो. जो हरेल त्याने भजी.

मुळा मुठा

एमएच १२ ला नावं ठेवणारा प्रतिसाद अजून आला नाही. मुंबईकर झोपलेत का?

वडाळा ट्रक टर्मिनल

जागे आहोत. द्रुतगती मार्गावर उजव्या लेनमधून ६० ने जाणाऱ्या एमएच १२ च्या मागे अडकलोय. पोचलो की लिहितो.

नियम पन्नास

भावना बाजूला ठेवून थोडं कायद्याचं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम ५० आणि ५१. अक्षरं इंग्रजी, आकडे रोमन लिपीतल्या लिखाणात वापरतात तेच. चारचाकीला अक्षराची उंची ६५ मिमी, जाडी १० मिमी, दोन अक्षरांत १० मिमी अंतर. पाटीवर दुसरं काहीही नको, अगदी देवाचं नावसुद्धा.

रंग अनेकांना माहीत नसतात:
खासगी पांढऱ्यावर काळा, व्यावसायिक पिवळ्यावर काळा. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाड्या काळ्यावर पिवळा. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी पाटी, खासगीला पांढरी अक्षरं आणि व्यावसायिकला पिवळी. वकिलातींच्या गाड्या निळ्यावर पांढरा, त्यात सीडी, सीसी किंवा यूएन. तात्पुरती नोंदणी पिवळ्यावर लाल, विक्रेत्याकडची गाडी लाल पाटीवर पांढरा.

एचएसआरपी म्हणजे एक मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. डाव्या बाजूला क्रोमियमचं अशोकचक्र, खाली निळ्यात देशाची तीन अक्षरं, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, आणि अक्षरांवर ४५ अंशात "इंडिया" छापलेली फिल्म. बसवायला स्नॅप लॉक, एकदा काढलं की पुन्हा लागत नाही. चारचाकीला काचेवर तिसरा स्टिकर, डिझेलला नारिंगी, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळा. ही तरतूद २००१ सालची आहे. खटले, निविदा आणि चालढकल यातून नव्या गाड्यांना सरसकट लागायला २०१९ उजाडलं.

ब्रश आणि रंग

माझे वडील पाट्या रंगवायचे. आमचं दुकान आरटीओच्या समोर, एजंटांच्या टपऱ्यांच्या रांगेत. वरचं ६५-१०-१० वाचून हसू आलं, कारण बाबांकडे पत्र्याची एक पट्टी होती तिच्यावर बरोबर याच खुणा होत्या. नियमाचा नंबर त्यांना माहीत नव्हता, माप माहीत होतं.

काम असं: पत्रा घासायचा, प्रायमर, त्यावर काळ्या इनॅमलचे दोन हात. वाळला की खडूच्या दोऱ्याने वर-खाली दोन रेघा मारायच्या आणि मधे चपट्या ब्रशने अक्षरं. आठ आणि तीन सगळ्यात अवघड, कारण गोलाई एका हातात फिरली पाहिजे, दुसऱ्यांदा ब्रश टेकवला की जोड दिसतो. एक आणि सात म्हणजे आराम. ज्याच्या नंबरात ८८८८ त्याला बाबा दुसऱ्या दिवशी या म्हणायचे.

मग रेडियम आलं. कटर मशिन घेतलेला मुलगा दहा मिनिटांत पाटी द्यायला लागला. बाबांनी मग ट्रकच्या मागचं काम धरलं.

फॅन्सीचं म्हणाल तर ते रेडियमच्याही आधीपासून होतं. ४१४१ ला "पापा", २१४ ला "राम", आठ-शून्य-पाच-पाच ला इंग्रजीत "बॉस". लोक नंबर हातात घेऊन यायचे आणि विचारायचे, "यातून काय निघेल?" बाबांनी नियमबाह्य पाटी कधी रंगवली नाही असं मी म्हणणार नाही. घर चालवायचं होतं.

धागाकर्ते, तुमच्या ढिगातल्या काळ्या पाट्या भंगारात देणार असाल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटमाथा

@ब्रश आणि रंग, भारी प्रतिसाद. व्यनि केलाय.

पेडणेकार

गोव्यातून नमस्कार. जुने गोंयकार अजून "जीडी"चे नंबर आठवतात, गोवा-दमण-दीव एकत्र होते तेव्हाचे. आता जीए. ०३ म्हापसा, ०६ वास्को, ०७ पणजी, ०८ मडगाव.

वर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लिहिलीत ना, ती बघायची तर आमच्याकडे या. भाड्याची प्रत्येक स्कूटर तशीच. पर्यटकाला पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिली की पोलीस अडवतात, आणि पर्यटक म्हणतो "मित्राची आहे". मित्राचं नाव विचारलं की मग पंचाईत. पायलटांच्या पिवळ्या-काळ्या मोटारसायकली वेगळ्या हां, ती टॅक्सी. चालवणारा पायलट पुढे आणि तुम्ही मागे.

शिवाजीनगर ते शिवाजीनगर

पुण्याच्या शिवाजीनगरातून बेंगळुरूच्या शिवाजीनगरात आलेला मी. इथे एमएच पाटी म्हणजे वाहतूक पोलिसांना दुरून दिसणारा दिवाच. कायद्याने दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर नव्याने नोंदणी करावी लागते. म्हणजे मूळ आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागायला पुन्हा पुणे. त्या परताव्यासाठी मी इतके कागद जोडले की शेवटी नाद सोडला. कुठलं कार्यालय ते विचारू नका.

आता बीएच (भारत) मालिका आहे म्हणा, राज्य बदललं तरी तोच नंबर चालतो. सप्टेंबर २०२१ पासून. आधी वर्षाचे दोन आकडे, मग बीएच, मग नंबर. सरकारी आणि संरक्षण खात्यातले, किंवा ज्यांच्या कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं आहेत त्यांना मिळते. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा.

सांगलीचा भडंग

बीएच म्हणजे बिनगावाची गाडी. सिग्नलला काच कुणी खाली करायची?

शिवाजीनगर ते शिवाजीनगर

भडंगराव, बदली झाल्यावर कळेल. मला गावाचं प्रेम आहे, पण दर बदलीला रोड टॅक्स भरण्याएवढं नाही.

रिटायर्ड सुभेदार

सैन्याच्या गाड्यांचं कोणी लिहिलं नाही. त्यांची नोंदणी आरटीओत होत नाही, संरक्षण मंत्रालयाकडे होते. सुरुवातीला वर टोक असलेला बाण, पुढे वर्षाचे दोन आकडे, मग वर्गाचं अक्षर, नंबर आणि शेवटी एक अक्षर. हा बाण इंग्रजांचा वारसा. सरकारी मालमत्तेवर ते तो उठवायचे, तंबूपासून तोफेपर्यंत. आमच्याकडे ताटावरही होता.

नियम पन्नास

त्याच्याच जोडीला: राष्ट्रपती, राज्यपाल यांच्या गाड्यांवर नंबराऐवजी फक्त राजमुद्रा असायची. २०१८ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्यांच्याही गाड्यांना नंबर हवा असं ठरलं. कारण साधं आहे: धडक दिली तर तक्रारीत लिहिणार काय?

मायमराठी

मला एक सांगा, महाराष्ट्रात मराठी आकड्यांची पाटी लावली तर दंड का? दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून सक्ती, आणि गाडीची पाटी मराठीत लावली तर चलन? दोन्ही पाट्याच ना?

नियम पन्नास

दुकान तमिळनाडूत जात नाही. गाडी जाते. तिथल्या हवालदाराने "एमएच बारा" देवनागरीत कसं वाचायचं?

मायमराठी

मग खाली इंग्रजी, वर मराठी असं दोन्ही ठेवा. जागा आहे की.

वडाळा ट्रक टर्मिनल

(पोचलो.) जागा नाहीये साहेब. आणि आता वाचणारा हवालदार नाही, कॅमेरा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे पाटी वाचून चलन पाठवतात. माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, महिन्याच्या चलनांची वही ठेवावी लागते. त्यात आमचा नसलेला दंड येतो हा खरा त्रास. एकदा आमच्या टेम्पोचं चलन अशा गावातून आलं जिथे तो कधी गेलाच नाही. फोटोत आमचा नंबर, गाडी भलतीच. कुणीतरी रेडियमवाल्याकडून आमचा नंबर कापून घेतलेला. ते निस्तरताना जे हेलपाटे झाले त्यापुढे चारचाकीचे ७४५ अधिक जीएसटी काहीच नाहीत. ब्रशरावांबद्दल आदर ठेवून सांगतो, कुणीही कुठेही पाटी बनवू शकतो हीच जुन्या पद्धतीतली खोट होती.

ब्रश आणि रंग

खोट होतीच. पण बाबा आरसी बुक बघितल्याशिवाय पाटी करत नसत. सगळ्यांनी तसं केलं असतं तर स्नॅप लॉक लागलं नसतं.

स्टुटगार्टची सून

डिझाइनचा विषय निघाला म्हणून. जर्मनीत पाटीसाठी मुद्दाम वेगळा टाइप केलाय. त्यातलं प्रत्येक अक्षर थोडं बेढब आहे, म्हणजे काळा रंग लावून पीचा आर किंवा एफचा ई करता येऊ नये. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं छापताना बिघडलंय. इथे शहराची अक्षरं आधी येतात. मोठं शहर असेल तर एकच अक्षर, स्टुटगार्टला एस, म्युनिकला एम, आणि लहान गावांना तीन. पुढची अक्षरं आणि आकडे थोडे पैसे भरून निवडता येतात. शेजारच्या आजोबांनी लग्नाचं वर्ष घेतलंय. सांगलीकरांना इथे करमेल.

कर्जतची शटल

चॉइस नंबरवरून आठवलं. २०२४ च्या दरवाढीनंतर महाराष्ट्रात चारचाकीसाठी ०००१ ची फी पाच लाख झाली, मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी सहा. आमच्या मामांनी नऊ बेरजेचा नंबर घेतला, ज्योतिषाने सांगितलं म्हणून. पहिल्याच महिन्यात रिव्हर्स घेताना खांबाला. ज्योतिषी म्हणाला, बेरीज पूर्ण नंबराची करायची होती, एमएचच्या अक्षरांसकट.

मुळा मुठा

खिक्. दिल्लीकरांचं त्याहून वाईट झालं. त्यांच्याकडे आरटीओच्या आकड्यानंतर गाडीच्या प्रकाराचं अक्षर असतं, कारला सी, स्कूटरला एस. २०२१ मध्ये स्कूटरच्या एसपुढची मालिका ईएक्स आली. जोडून वाचा. एका मुलीला घरच्यांनी हौसेने घेऊन दिलेली स्कूटर बाहेर काढायची सोय उरली नाही. शेवटी महिला आयोगाने नोटीस पाठवली. आय आणि ओ गाळायचं सुचलं, हे नाही सुचलं.

जुनी फियाट

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण ठेचासाहेबांनी क्रम सांगितला त्यात एक गोष्ट राहिली. राज्यांची नावं बदलली तशी पाट्या बदलाव्या लागल्या. ओरिसाचं ओडिशा झालं, ओआरचं ओडी. उत्तरांचलचं यूए जाऊन यूके. तेलंगणाने तर दहा वर्षं टीएस वापरून २०२४ मध्ये टीजी केलं. आपल्याकडे औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर तिन्ही नावं बदलली, पण २०, २५ आणि १६ जागच्या जागी. जिल्ह्याला अक्षराऐवजी आकडा दिल्याचा हा फायदा. १९८९ ला हा विचार होता असं मी म्हणत नाही, पण काम झालं.

आणि धागाकर्त्याच्या मताबद्दल: नंबर सरकारचा, हे मान्य. पण आमची फियाट विकून जमाना झाला, तरी घरात अजून कुणी तिला फियाट म्हणत नाही, नंबरानेच बोलतात.

पालघरची चिकू

पालघर जिल्हा २०१४ ला झाला तरी आमच्याकडे जुन्या गाड्या ०४ च्या आणि नव्या ४८ च्या, वसई कार्यालयाच्या. लग्नात पार्किंगला कोण ठाण्याचं आणि कोण "आमचं" यावरून अजून वाद होतो.

तीन चाकी

एक व्यवहाराचा प्रश्न. काल एचएसआरपी बसवून आलो. पुढच्या आणि मागच्या पाटीवरचा लेझरचा आकडा वेगवेगळा आहे. मिस्त्रीने दुसऱ्याची लावली की काय?

नियम पन्नास

नाही, प्रत्येक पाटीचा क्रमांक स्वतंत्र असतो. दोन्ही तुमच्या गाडीच्या नोंदीला जोडलेले असतात. पावतीवर किंवा वाहन पोर्टलवर जुळवून बघा आणि दोन्हींचे फोटो काढून ठेवा. पाटी चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार, मगच नवी मिळते. लॉक हलतंय का तेही आजच बघा, काही ठिकाणी साधं रिव्हेट मारून देतात.

तीन चाकी

रिव्हेटच आहे की हो. 😐